धूर बाहेर जातो, लाट परत येते
(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

मोटारसायकलच्या इंजिनमधून निघून खाली वळणाऱ्या आणि पुढे सायलेन्सरला मिळणाऱ्या नळीला आपल्याकडचे मेकॅनिक ‘बेंड पाईप’ म्हणतात. चारचाकीत अशा चार नळ्या एकत्र येतात, त्या जुडग्याला कुणी मॅनिफोल्ड म्हणतं, कुणी हेडर. गाडी विकत घेताना आपण इंजिन किती सीसीचं आहे ते विचारतो, मायलेज विचारतो, रंग बघतो. या नळीबद्दल मात्र कुणी काही विचारत नाही. धूर बाहेर नेणारी नळी, तिच्यात विचारण्यासारखं काय असणार, असं आपण धरून चालतो.

आणि तरीही या नळीबद्दल एक समज घराघरांत पोचलेला आहे. सायलेन्सरमधली जाळी किंवा पुंगळी काढून टाकली, की इंजिन मोकळं होतं आणि गाडी जास्त पळते, असा तो समज. कॉलेजात जाणारी मुलं त्यावर कष्टाचे किंवा वडिलांचे पैसे खर्च करतात. गाडीचा आवाज वाढतो, गल्लीतली तान्ही मुलं दचकून उठतात, म्हातारी माणसं वैतागतात. पण गाडी खरोखर जास्त पळते का? मला हा प्रश्न अनेकांनी विचारला आहे. त्याचं उत्तर हो किंवा नाही एवढ्यात देता येत नाही, कारण या साध्या दिसणाऱ्या नळीत जे घडतं ते फार रंजक आहे. आज तेच समजून घेऊ या.

सुरुवात इंजिनच्या श्वासापासून करू. चार स्ट्रोकच्या इंजिनात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, आधी खाली येऊन हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण आत ओढतो, मग वर जाऊन ते दाबतो. ठिणगी पडते, मिश्रण पेटतं, पिस्टन जोरात खाली ढकलला जातो. चौथ्या खेपेला पिस्टन पुन्हा वर येतो आणि जळालेला वायू बाहेर लोटतो. चौथ्या खेपेनंतर सिलिंडर रिकामा झाला, असं शाळेच्या पुस्तकातलं चित्र पाहून आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो रिकामा होत नाही. पिस्टन अगदी वरपर्यंत गेला तरी त्याच्या डोक्यावर थोडी पोकळी उरतेच, कारण ठिणगी पडायला आणि मिश्रण पेटायला जागा लागते. इंजिनचा दाबाचा आकडा दहास एक असेल, तर सिलिंडरच्या एकूण पोकळीचा दहावा हिस्सा पिस्टनच्या आवाक्याबाहेर राहतो. शंभर सीसीच्या इंजिनात ही जागा सुमारे अकरा सीसी भरते. पिस्टनने कितीही जोर लावला तरी तिथला जळका वायू त्याला ढकलता येत नाही.

हा उरलेला वायू दोन प्रकारे त्रास देतो. एक तर नव्या मिश्रणाची जागा तो अडवतो. दुसरं म्हणजे तो कमालीचा तापलेला असतो, त्यामुळे नवीन मिश्रण आत येताक्षणीच तापतं. तापलेलं मिश्रण दाबलं की ते ठिणगीची वाट न पाहता ठिकठिकाणी पेटू लागतं आणि इंजिनमधून खडखड आवाज येतो. मेकॅनिक त्याला ‘नॉकिंग’ म्हणतात. म्हणून हा कोपऱ्यातला जळका वायू झाडून काढणं महत्त्वाचं. या झाडलोटीलाच इंजिनाच्या शास्त्रात ‘स्कॅव्हेंजिंग’ म्हणतात. पिस्टनला ती जमत नाही. मग कोण करतं? ती करते ही नळी.

दादर स्टेशनवरची सकाळची लोकल डोळ्यांपुढे आणा. उतरणारे अजून दारात आहेत आणि चढणारे आत घुसू पाहत आहेत. उतरणाऱ्यांचा लोंढा जोरात पुढे निघून गेला, तर त्यांच्या मागे क्षणभर मोकळी जागा होते आणि चढणारे तिच्यात आपोआप ओढले जातात. पण पुलावर गर्दी तुंबली आणि उतरणारे उलटे दारातच रेटले गेले, तर कुणालाच काही करता येत नाही. इंजिनातही असा एक क्षण असतो. चौथी खेप संपता संपता धूर सोडणारी झडप बंद व्हायच्या आत मिश्रण घेणारी झडप उघडू लागते. काही क्षण दोन्ही दारं एकदम उघडी असतात. याच क्षणी नळीकडून ओढ मिळाली, तर कोपऱ्यातला जळका वायू बाहेर खेचला जातो आणि त्याच्या पाठोपाठ ताजं मिश्रण, पिस्टन खाली यायच्या आधीच, आत शिरू लागतं. नळीकडून उलटा रेटा आला, तर जळका वायू पुन्हा आत येतो, कधी कधी मिश्रणाच्या वाटेतही शिरतो.

आता नळीकडून ओढ किंवा रेटा येतो कुठून? त्यासाठी दुसरं चित्र घेऊ. देवळासमोर लांबलचक दर्शनाची रांग आहे. मागून कुणी तरी एक धक्का दिला. माणसं आपापल्या जागीच असतात, फक्त थोडी पुढे झुकून सावरतात, पण धक्का मात्र सरसर पुढे जातो. रांगेच्या टोकाचा माणूस भिंतीशी उभा असेल, तर तो भिंतीवर आपटतो, मागे फेकला जातो, आणि धक्का धक्क्याच्याच रूपाने मागे परततो. पण टोकाच्या माणसापुढे मोकळं पटांगण असेल तर? त्याला अडवायला कुणीच नाही. तो दोन पावलं पुढे जातो आणि त्याच्या मागे जागा रिकामी होते. ती भरायला त्याच्या मागचा पुढे सरकतो, त्याच्या मागे जागा होते. अशी ही रिकामी जागा रांगेतून उलट दिशेने मागे मागे जात राहते. पुढे गेला धक्का, परत आली पोकळी.

नळीत नेमकं हेच घडतं. धूर सोडणारी झडप उघडते तेव्हा सिलिंडरमधला दाब बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असतो. नळीतल्या वायूला मोठा धक्का बसतो आणि दाबाची एक लाट नळीतून निघते. वायू स्वतः मागाहून सावकाश जातो, लाट त्याच्या कितीतरी पुढे धावते. थंड हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. तापलेल्या धुरात ही लाट ५०० ते ६०० मीटरच्या वेगाने जाते. नळीचं तोंड जिथे मोकळ्या हवेत किंवा एकदम मोठ्या पोकळीत उघडतं, तिथे तिचं रूप पालटतं आणि ओढ लावणारी लाट उलट झडपेकडे धावत येते. ही ओढ दोन्ही दारं उघडी असताना पोचली, की झाडलोट उत्तम होते. म्हणजे सगळा खेळ वेळ साधण्याचा आहे, आणि ही वेळ नळीच्या लांबीवर ठरते.

एक ढोबळ हिशोब करून पाहू. इंजिन मिनिटाला ९,००० फेरे घेत आहे. म्हणजे सेकंदाला दीडशे, आणि अर्ध्या फेऱ्याला सेकंदाचा तीनशेवा भाग. धुराचा मोठा धक्का निघाल्यापासून दोन्ही दारं उघडी असण्याच्या क्षणापर्यंत साधारण अर्धा फेरा जातो असं धरू. लाटेचा वेग ५०० मीटर धरला, तर तेवढ्या वेळात ती सुमारे १६७ सेंटीमीटर जाते. पण तिला जाऊन परत यायचं आहे. म्हणून नळी हवी याच्या निम्मी, सुमारे ८३ सेंटीमीटर. आता तेच इंजिन ४,५०० फेऱ्यांवर चालवा. वेळ दुप्पट झाला, म्हणून नळीही दुप्पट, सुमारे १६७ सेंटीमीटर लागेल. जोरात पळणाऱ्या इंजिनला आखूड नळी आणि सावकाश ओढणाऱ्या इंजिनला लांब नळी, हा नियम इथून निघतो.

यातली अडचणही लगेच लक्षात येईल. नळी एकाच लांबीची असते, इंजिन मात्र क्षणाक्षणाला वेग बदलतं. एका वेगाला नळी मदत करते, दुसऱ्या वेगाला तीच नळी आडवी येते. म्हणून कारखान्यातल्या अभियंत्याला आधी ठरवावं लागतं, की हे इंजिन कुणासाठी? शर्यतीत सतत वरच्या वेगात धावणाऱ्यासाठी, की सिग्नलला थांबत थांबत ऑफिसला जाणाऱ्यासाठी? बेंड पाईपची लांबी या प्रश्नाचं उत्तर असते. यामाहा कंपनीने १९८७ मध्ये आपल्या एका मोटारसायकलच्या धुराच्या वाटेत वेगानुसार कमीजास्त उघडणारी झडप बसवली. कमी वेगात परत येणारी नको ती लाट मोडायची आणि जास्त वेगात वाट पूर्ण मोकळी करायची, अशी ती युक्ती होती.

दोन स्ट्रोकच्या इंजिनात तर ही नळी राज्यच करते. तिथे झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या असतात आणि पिस्टन वरखाली होताना त्या उघडतो, झाकतो. जळका वायू बाहेर जात असतानाच ताजं मिश्रण आत येतं, आणि त्यानेच जळक्याला हाकलायचं असतं. यात बरंचसं ताजं मिश्रण धुराबरोबरच बाहेर निसटतं. जुन्या स्कूटरमागे उभं राहिल्यावर न जळलेल्या पेट्रोलचा आणि तेलाचा वास यायचा तो यामुळेच.

हे निसटणारं मिश्रण परत आणता येईल का? यावर ज्यांनी पद्धतशीर काम केलं त्यांत वाल्टर काडेन यांचं नाव आघाडीवर घ्यावं लागेल. पूर्व जर्मनीतल्या त्शोपाऊ गावी एमझेड मोटारसायकलींचा सरकारी कारखाना होता, तिथल्या शर्यत विभागाचे ते प्रमुख. पैसा तुटपुंजा, सामग्री मर्यादित. जर्मनीत इतरांनीही आधी या दिशेने प्रयत्न केले होते, पण काडेन यांनी नळीतल्या लाटांचा नेमका हिशोब मांडला. त्यांच्या नळीचा आकार उंदीर गिळलेल्या सापासारखा दिसतो. सुरुवातीला बारीक, मग हळूहळू रुंदावत जाणारी, मध्ये फुगीर, पुन्हा निमुळती होत जाणारी आणि शेवटी एक बारीक शेपटी.

हा आकार आपल्या रांगेच्या चित्राने उलगडतो. रुंदावत जाणारा भाग म्हणजे मोकळं पटांगण. तिथून ओढ परत येते आणि सिलिंडर झाडून निघतो, इतका की ताजं मिश्रणही थोडं नळीत ओढलं जातं. निमुळता होणारा भाग म्हणजे भिंत. तिथून धक्का परत येतो आणि बाहेर आलेलं ताजं मिश्रण खिडकी बंद व्हायच्या आत पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलतो. आधी झाडू आणि मग दार लोटून घेणारा हात, अशी दोन्ही कामं एका पत्र्याच्या नळीने केली. तिच्यात हलणारा एकही भाग नव्हता.

परिणाम काय झाला? १९६१ साली काडेन यांच्या १२५ सीसीच्या इंजिनने २५ अश्वशक्ती दिली. म्हणजे लिटरमागे २००. हवा दाबून भरणारा पंप न लावता एवढी मजल मारणारं ते पहिलं इंजिन मानलं जातं. तुलनाच करायची, तर आपल्याकडची जुनी साडेतीनशे सीसीची बुलेट सुमारे १८ अश्वशक्तीची होती.

पुढची हकिगत एखाद्या कादंबरीसारखी आहे. एमझेडचा स्वार एर्न्स्ट डेग्नर १९६१ च्या जागतिक स्पर्धेत १२५ सीसी गटात आघाडीवर होता. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. सप्टेंबरमध्ये स्वीडनच्या शर्यतीनंतर डेग्नर पूर्व जर्मनीला परतलाच नाही. त्याच्या बायकोमुलांनाही गुपचूप पश्चिमेकडे आणण्यात आलं. तो जपानच्या सुझुकी कंपनीत गेला, आणि १९६२ मध्ये सुझुकीच्या गाडीवर त्याने ५० सीसी गटाचं जगज्जेतेपद मिळवलं. काडेन यांचं तंत्र त्याच्याबरोबर जपानला गेलं. पुढची कित्येक वर्षं जगभरच्या दोन स्ट्रोक मोटारसायकली याच तंत्रावर धावल्या. आपल्याकडे १९८५ ते १९९६ या काळात निघालेली यामाहाची आरएक्स १०० आजही लोक हळवे होऊन आठवतात. त्या पिढीच्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये याच तत्त्वाचा सौम्य अवतार होता.

आणि म्हणूनच तेव्हाचे जाणते मेकॅनिक दोन स्ट्रोक गाडीची ओढ कमी झाली, की इंजिन उघडण्याआधी सायलेन्सर काढून बघत. तेलाच्या धुराने आत कार्बनचा थर साचतो, वाट अरुंद होते, लाटांचं गणित बिघडतं. सायलेन्सर तापवून कार्बन झाडला की गाडी पुन्हा ताजीतवानी होई. तीच नळी कापून आखूड केली तर मात्र गाडी नुसती ओरडायची, चढ चढायची नाही.

आता चार सिलिंडरच्या मोटारीकडे वळू. एका वाड्यात चार बिऱ्हाडं आणि चौघांत मिळून एकच धुराडं आहे, अशी कल्पना करा. शेजारणीने चूल पेटवली की तिचा धूर माझ्या स्वयंपाकघरात येणार. मोटारीत सिलिंडर बहुधा एक, तीन, चार, दोन या क्रमाने पेटतात. पहिल्याची झाडलोट संपत आलेली असते, दोन्ही दारं उघडी असतात, आणि नेमक्या त्याच सुमारास तिसऱ्याची झडप उघडून त्याचा मोठा धक्का बाहेर पडतो. नळ्या आखूड असल्या तर तो धक्का सरळ पहिल्याच्या दारावर येऊन थडकतो आणि जळका वायू परत आत रेटतो.

यावर उपाय दोन. चारही नळ्या लांब आणि सारख्या मापाच्या करून एका जागी जोडायच्या, म्हणजे धक्का पोचेपर्यंत दार बंद झालेलं असतं. किंवा जोड्या लावायच्या. पहिला आणि चौथा एकत्र, दुसरा आणि तिसरा एकत्र, आणि पुढे जाऊन या दोन नळ्यांची एक. पहिल्या आणि चौथ्याच्या पेटण्यात पूर्ण एका फेऱ्याचं अंतर असतं, त्यामुळे ते एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. या रचनेला ‘चार-दोन-एक’ म्हणतात. पहिला प्रकार साधारणपणे वरच्या वेगात जास्त ताकद देतो, दुसरा मधल्या वेगात चांगली ओढ देतो. शर्यतीच्या गाड्यांत हेडरच्या नळ्या नागमोडी वळवून गुंडाळलेल्या दिसतात त्या शोभेसाठी नव्हेत. जवळच्या सिलिंडरची नळी मुद्दाम फिरवून लांबच्या नळीएवढी केलेली असते.

हे सगळं शर्यतवाल्यांचं झालं, आमच्या रोजच्या गाडीचा याच्याशी काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध आहे, आणि तो पेट्रोलच्या बिलाशी आहे. जपानच्या माझदा कंपनीने २०११ मध्ये ‘स्कायअ‍ॅक्टिव्ह’ नावाची पेट्रोल इंजिनं आणली. मिश्रण जितकं जास्त दाबावं तितकं इंजिन कमी इंधनात जास्त काम करतं, हे जुनंच ज्ञान आहे. पण जास्त दाबलं की नॉकिंग होतं. माझदाच्या अभियंत्यांनी सिलिंडरमध्ये उरणाऱ्या जळक्या वायूवर बोट ठेवलं. त्यांचा हिशोब असा होता, की हा वायू ८ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला, तर दाब अकरास एकवरून चौदास एकवर नेला तरी मिश्रणाचं शेवटचं तापमान तेवढंच राहतं. मग त्यांनी लांब नळ्यांचा चार-दोन-एक हेडर बसवला आणि साध्या पेट्रोलवर चौदास एक दाबाचं इंजिन रस्त्यावर आणलं. इंधन वाचवण्याच्या या कामात शर्यतीच्या मैदानातली नळी मोठी भागीदार झाली.

त्यासाठी किंमतही मोजावी लागली. लांब नळ्यांना बॉनेटखाली जागा लागते. शिवाय धूर लांबून आला की थंड होतो. धुरातले विषारी वायू निवळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा मुलामा असलेली जाळी, तापल्याशिवाय काम करत नाही. लांब नळीमुळे ती उशिरा तापते. म्हणून गाडी नुकती सुरू झाल्यावर धूर जास्त गरम राहावा यासाठी ठिणगी उशिरा पाडायची आणि तरीही इंजिन अडखळू नये म्हणून पिस्टनच्या माथ्याला खोलगट आकार द्यायचा, अशा आणखी खटपटी कराव्या लागल्या. एक नळी लांबवली तर पिस्टनचा आकार बदलावा लागला. नळी आणि इंजिन या दोन वेगळ्या वस्तू नाहीत, हे यावरून पटावं.

आता मूळ प्रश्न. पुंगळी काढली की गाडी पळते का? मेकॅनिकच्या दुकानात यावर दोन मतं ऐकू येतात. एक म्हणतो, वाट जितकी मोकळी तितकी ताकद जास्त. दुसरा म्हणतो, नाही, इंजिनला थोडं ‘बॅक प्रेशर’ लागतंच. माझ्या मते दोघांचंही म्हणणं अर्धवट आहे. उलटा दाब कुठल्याच चार स्ट्रोक इंजिनला हवासा नसतो. पण नळी फार रुंद केली की धुराचा वेग मंदावतो. वेगाने जाणारा धूर आपल्या मागे जी ओढ लावतो ती कमी होते. नळीची लांबी किंवा तोंड बदललं की लाट भलत्या वेळी परत येते. अशा वेळी गाडीची खालच्या वेगातली ओढ जाते, आणि मेकॅनिक म्हणतो की बॅक प्रेशर गेलं. गेलेला असतो तो वेग आणि चुकलेली असते ती वेळ.

खरा फायदा कधीच होत नाही असं मी म्हणणार नाही. शर्यतीसाठी इंजिन बांधणारे लोक हेडर बदलतात, त्याबरोबर इंधनाचं प्रमाण, झडपांच्या वेळा, ठिणगीची वेळ, सगळं बदलतात आणि यंत्रावर मोजून खात्री करतात. एवढं केलं तर ठरावीक वेगात ताकद वाढते. नुसती पुंगळी काढून वाढतो तो आवाज. आपला कान मोठ्या आवाजाला मोठी ताकद समजतो. फटफट फटाके फुटतात ते तर न जळलेलं पेट्रोल नळीत जाऊन पेटल्यामुळे. ते पेट्रोल आपल्याच पैशाचं असतं.

आजच्या गाड्यांत आणखी एक गोष्ट आहे. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले. या गाड्यांच्या धुराच्या वाटेत एक ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो. तो धूर हुंगतो आणि इंजिनचा संगणक त्यानुसार पेट्रोल कमीजास्त करतो. नळीतली ओढ किती खरी असते ते इथे दिसतं. बेंड पाईपचं पॅकिंग गेलं आणि बारीक फट राहिली, तर धूर बाहेर येतोच, शिवाय ओढीच्या क्षणी त्याच फटीतून बाहेरची हवा आत खेचली जाते. सेन्सरला वाटतं ऑक्सिजन जास्त आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. संगणक पेट्रोल वाढवतो आणि मायलेज घसरतं. इंजिनच्या तोंडाशी बेंड पाईपच्या जोडावर काळे डाग दिसले, किंवा गाडी थंड असताना तिथून टकटक ऐकू आली, तर पॅकिंग बदलून घ्या. थोडक्या पैशांचं काम आहे. कन्व्हर्टरची जाळी काढून टाकणारे तर पैसे देऊन विषारी धूर विकत घेतात, आणि तो पहिल्यांदा जातो मागच्या सीटवर बसलेल्याच्या नाकात.

कायद्याचीही आठवण करून देतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कारखान्याने ठरवलेल्या रचनेत मनाने फेरफार करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडणाऱ्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलिसांनी असे जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवर रोलर फिरवला आहे. मुलांना दंडाची भीती घालून काही काळ आवाज थांबेल. पण ज्या मुलाला गाडीची आवड आहे, त्याला मी हेही सांगेन, की आवड चांगली आहे, ती सोडू नकोस. एक टेप घे आणि तुझ्या गाडीचा बेंड पाईप झडपेपासून सायलेन्सरपर्यंत मोज. मग वहीत हिशोब मांड, की ही लाट कोणत्या वेगाला वेळेवर परत येत असेल. तुझा आकडा आणि कंपनीने पुस्तिकेत दिलेला जास्तीत जास्त ओढीचा आकडा शेजारी शेजारी ठेव. दोन्ही तंतोतंत जुळणार नाहीत, कारण आपला हिशोब ढोबळ आहे आणि सायलेन्सरच्या आतल्या कप्प्यांतही लाटा उलटतात. पण ते का जुळले नाहीत याचा विचार करता करता त्या नळीवर हातोडा मारण्याआधी तू दहा वेळा थांबशील.